दोन टप्पे पडलेला चेंडू

ईशान, मागच्या महिन्यात तू फोटो पाठवलास. हातात तो मोठा चामडी मोजा, डोक्यावर टोपी, गुडघ्याला माती. खाली इंग्रजीत विचारलं होतंस की आजी, तुला बेसबॉल माहीत आहे का. तुझी आई फोनवर हसून म्हणाली, आजीला क्रिकेटच्या पलीकडे काय माहीत असणार. आताच्या बेसबॉलचे नियम मला खरंच समजत नाहीत. पण हा खेळ अगदी नवा होता, खेळाडूंच्या हातात मोजे नव्हते आणि चेंडू पांढरा नव्हता, त्या वेळची एक हकीकत मला ठाऊक आहे. ती मला बहारीनमध्ये, नोकरीच्या कामात कळली. आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी मागितल्या आहेत, म्हणून तीच लिहायला घेतली. तू आणि तुझी बहीण तन्वी मराठी वाचताना अडखळता, तेव्हा आईला शेजारी बसवून वाचा.

सत्तरच्या दशकात तुमचे आजोबा बहारीनला बँकेत होते. आम्ही हूरा नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचो. मुलं शाळेत जायला लागली आणि मी नोकरी शोधली. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, टायपिंग येत होतं. सामान बांधून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मला घेतलं. तेलाच्या आणि बँकांच्या कामासाठी आलेले गोरे लोक दोन-चार वर्षांनी घर आवरून परत जात. त्यांचं घर बांधायचं, लाकडी पेट्यांत भरायचं आणि बोटीवर चढवायचं, हा आमचा धंदा. मला टायपिंगसाठी घेतलं होतं, पण घरातल्या मडमांना परके पुरुष आपल्या कपाटात हात घालतात हे आवडायचं नाही. म्हणून मॅनेजर डिसोझांनी मला माणसांबरोबर घरोघरी पाठवायला सुरुवात केली. आमची माणसं मराठी आणि हिंदी बोलायची, घरमालक इंग्रजी. मध्ये मी.

घर बांधणं म्हणजे वस्तू खोक्यात टाकणं, असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. बशा आडव्या ठेवल्या तर खालची फुटते, त्या उभ्या भरायच्या. वर्तमानपत्राची शाई चिनी मातीला लागते, म्हणून कोरा कागद. पुस्तकं लहान खोक्यांत, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर जाते. फ्रिज दोन दिवस आधी उघडा ठेवून वाळवायचा, कारण बहारीनच्या दमट उन्हाळ्यात बंद फ्रिजला आठवड्यात बुरशी धरते. चहाची किटली, चादरी, मुलाचं खेळणं, अशा रोज लागणाऱ्या वस्तू अगदी शेवटच्या खोक्यात भरायच्या. शेवटी भरलेलं खोकं तिकडे सर्वांत आधी उघडतं.

मातीचंही सांगायला हवं. बऱ्याच देशांत परकी माती उतरू देत नाहीत. बागेची खुरपी, गोल्फचे बूट, तंबूच्या खुंट्या, सगळं आधी स्वच्छ करावं लागे. चिखल निघाला तर अख्खी पेटी बंदरावर अडकून पडायची.

आमची माणसं समोर दिसेल ते इमानदारीने बांधायची. एका बाईंना एडिंबरोला पेटी उघडल्यावर एक ॲशट्रे मिळाला. चार पदरी कागदात गुंडाळलेला, आणि आत त्यांच्या नवऱ्याने विझवलेली सिगारेटची थोटकं जशीच्या तशी. दुसऱ्या एका साहेबांना दोन गोण्या वाळवंटातली वाळू न्यायची होती. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ती नेता येणार नाही म्हटल्यावर ते माझ्यासमोर रडले. त्या दिवसापासून लोक काय नेतात याला हसायचं मी सोडलं.

आमच्या कंपनीची एक पद्धत होती. तिला आम्ही पुकारा म्हणायचो. वस्तू गुंडाळण्याआधी बांधणारा माणूस ती मालकासमोर धरायचा आणि तिचं नाव आणि तिच्यात आधीपासून असलेली खोट मोठ्याने सांगायचा. टेबल, एक पाय डुगडुगता. फुलदाणी, काठाला टवका. मी ते इंग्रजीत सांगायचे, मालक बघून हो म्हणायचे, मग कागद. पुकारा झाला की त्या वस्तूबद्दल पुढे भांडण नाही. साधी गोष्ट होती, पण तिच्यावर आमची अब्रू टिकून असायची.

पुकारा करणाऱ्यांत महादेव सर्वांत चांगला. संगमेश्वर तालुक्यातला, चाळिशीचा, उंच, लांब बोटांचा. गावी बायको, तीन मुलं आणि आई, आणि मिळवता हा एकटाच. हूऱ्यातच एका खोलीत सहा जणांत राहायचा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानात आपल्या लोकांचं क्रिकेट चालायचं, तिथे तो गोलंदाज. लेदरचा सीझन बॉल हातात आला की एक बाजू पँटवर घासून घासून आरशासारखी करायचा. त्याच्या सगळ्या पँटी उजव्या मांडीवर तांबूस झालेल्या असत. त्याच्याबरोबर पेट्या ठोकणारा सुतार इस्माईलभाई, दापोलीकडचा. दोघांची दिवसभर थट्टा चालायची. महादेव वस्तू पुकारायला लागला की इस्माईलभाई मागून म्हणायचा, "म्हाद्या, तुजी पन खोट सांग की. डोकं, आदीपासून रिकामं."

आमच्या हकीकतीच्या महिनाभर आधी महादेवच्या हातून एक मोठा आरसा सुटला होता. डिसोझांनी त्याला सगळ्यांसमोर बजावलं होतं की आणखी एक वस्तू बिघडली तर खलास, व्हिसा रद्द आणि पुढचं विमान. ते रागीट होते, पण बोललेलं करायचे. आमच्यातल्या दोघांना त्यांनी असं पाठवलेलं होतं.

अशा वेळी आम्हाला रिफा या गावी मिस्टर हॉलिसांचं घर बांधायला पाठवलं. सत्तरीचे अमेरिकन गृहस्थ. तेलाच्या विहिरी खणायला तरुणपणी बहारीनला आले आणि राहूनच गेले. पत्नी इथेच वारल्या, इथेच पुरल्या. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. उजेड कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं, चेहरा नाही. म्हणून ते ओहायोला मुलीकडे कायमचे निघाले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवून चहा दिला आणि कपाटातून एक पत्र्याची पेटी काढायला सांगितली. तिच्यात त्यांच्या आजोबांच्या वस्तू होत्या. आजोबा थॉमस हॉलिस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आसपासच्या वर्षांत ते बेसबॉल खेळायचे. मिस्टर हॉलिस एकेक वस्तू बोटांनी ओळखून माझ्या हातात देत गेले आणि ती काय आहे ते सांगत गेले.

लोकरीचा एक जाड शर्ट होता. छातीवर बटणांनी लावायचा कापडाचा तुकडा आणि त्यावर संघाचं अक्षर शिवलेलं. उन्हाळ्यात लोकर कशी सोसत असतील, असं मी विचारलं. ते म्हणाले, सभ्य गृहस्थांचा खेळ होता, कोपर दिसणं बरं नव्हे. एक फिकट निळी रेशमी फीत होती. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ एकमेकांना अशा फिती लावायचे, आणि सामना संपल्यावर यजमान संघ पाहुण्यांना जेवू घालायचा. एक फोटो होता, त्यात थॉमस खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला वाकलेली. मोजे नव्हते ना. उघड्या हातांनी झेल घ्यायचा, बोट मोडलं की पट्टी बांधून पुन्हा उभं राहायचं. मिस्टर हॉलिस म्हणाले की लहानपणी तीच वाकडी बोटं धरून ते आजोबांबरोबर चालायचे.

आणि चेंडू. ईशान, तुझ्या चेंडूसारखा नाही. तपकिरी, जरा मऊ, चामड्याचा एकच तुकडा लिंबाची साल सोलावी तसा चार पाकळ्यांत कापून शिवलेला. वरचं चामडं इतकं जुनं की बोटाला भुकटी लागत होती. एका पाकळीवर काळ्या शाईत बारीक, पुसट अक्षरं होती. त्यांनी मला ती वाचायला सांगितली. स्वतःला आता दिसत नाहीत, ऐकून बरेच दिवस झाले, असं म्हणाले. मी वाचलं. इंग्रजीत दोनच ओळी होत्या. मग त्यांनी त्या ओळींमागची गोष्ट सांगितली.

त्या काळी नियम असा होता की मारलेला चेंडू एक टप्पा पडून झेलला तरी मारणारा बाद. चेंडू खालून, हात न उचलता टाकायचा. पंच एकच, काळा कोट आणि उंच टोपी घालून बाजूला उभा. मैदानाला कुंपण नाही, लोक कडेने घोडागाड्यांत बसलेले. सामना अटीतटीचा, शेवटचा डाव. थॉमस यांच्या संघाला एकच गडी बाद करायचा होता. तो झाला की जिंकले. चेंडू उंच मारला गेला आणि घोडागाड्यांच्या मागे उंच गवतात पडला. थॉमस धावत गवतात शिरले आणि चेंडू हातात घेऊन बाहेर आले. तोवर समोरच्या संघाचे दोघं धावत मैदानाचे कोपरे शिवून परत आले होते, आणि जिंकायला त्यांना त्या दोनच धावा हव्या होत्या. एक टप्पा असेल तर थॉमस यांचा संघ जिंकला. दोन असतील तर हरला. पंचाला काही दिसलं नव्हतं. तेव्हा पंचाला दिसलं नाही तर त्याने बघणाऱ्यांना विचारायचं, अशी रीत होती. त्याने गाडीवाल्यांना विचारलं, त्यांना गवतामुळे दिसलं नव्हतं. मग त्याने थॉमस यांनाच विचारलं.

थॉमस म्हणाले, दोन टप्पे.

जिंकणाऱ्याला चेंडू द्यायचा, हीही त्या काळची रीत. मानचिन्ह म्हणजे तो चेंडूच. पण त्या संध्याकाळच्या जेवणात जिंकलेल्या संघाच्या कप्तानाने चेंडूवर दोन ओळी लिहिल्या आणि तो थॉमस यांच्यासमोर ठेवला. त्यांच्या स्वतःच्या संघातलं कोणी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना संघात घेतलं नाही, नंतरही नाही. "त्यांनी हे दुःखाने सांगितलं नाही," मिस्टर हॉलिस म्हणाले. "पण प्रत्येक वेळी सांगितलं." आता तो चेंडू ते आपल्या नातवाला देणार होते. बाकीच्या सामानाचं काय व्हायचं ते होवो, असं ते मला स्पष्ट म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घर जवळजवळ रिकामं झालं. पत्र्याची पेटी शेवटच्या खोक्यासाठी बाजूला ठेवली होती. पण सकाळी मिस्टर हॉलिसांनी चेंडू हातात घ्यावा म्हणून बाहेर काढला, व्हरांड्यात बसले, फोन वाजला तसे उठले आणि चेंडू खुर्चीखाली ठेवून आत गेले. खुर्चीखाली त्यांचे गोल्फचे बूट होते. ते बूट आणि त्यांच्याबरोबरचं सगळं माती काढायला महादेवकडे गेलं.

मी आत चादरी मोजत होते. बाहेर आले तेव्हा महादेव व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. बूट पुसून ओळीने ठेवलेले. हातात चेंडू. त्याने आधी ओल्या फडक्याने माती काढली होती, मग थोडं खोबरेल लावलं होतं, आणि मग शुक्रवारच्या सवयीने एक बाजू मांडीवर घासली होती. ती बाजू चकचकीत झाली होती. इतका खूश होता तो.

"वैनी, ह्यो बॉल कसला ओ? सीझन नाय, टेनिस नाय. पन चामडं बगा कसलं हाय. साहेब खूश व्हतील."

मी चेंडू हातात घेतला आणि फिरवला. अक्षरांची पाकळीच त्याने घासली होती. फडक्यावर तपकिरी डाग होता, आणि त्यात थोडा काळा. पाकळीवर काही नव्हतं.

मी त्याला चेंडू काय होता ते सांगितलं. सामना, गवत, पंच, दोन टप्पे, सगळं, कारण निम्मं सांगून ते कळलं नसतं. त्याने चेंडू परत घेतला. चेंडू हातात धरून बघत राहिला, मग फडकं उलगडून त्यावर अक्षरं शोधायला लागला. ते बघणं फार कठीण होतं.

इस्माईलभाई हातोडी ठेवून जवळ आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हादू, गप ऱ्हा. म्हाताऱ्याला दिसत नाय. पुकाऱ्याला सांग, बॉल, जुना, अक्षरं पुसट. बाई इंग्लिशमधी तेच सांगतील. डिसोझाच्या कानावर गेलं तर तुजं खलास. पोरांच्या तोंडाकडं बग." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खोटं काय त्यात, बाई? पुसट तर आदीपासून होतीच."

होतीही. पुसट होतीच. आणि तो सांगत होता ते घडू शकलं असतं. मिस्टर हॉलिसांनी हो म्हटलं असतं, वरून कागद चढला असता आणि सहा आठवड्यांनी ओहायोत कोणी विचारलं असतं तर पुकारा झाला होता. महादेवने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "तू जे पुकारशील ते मी सांगेन. माझ्या पदरचा एक शब्द घालणार नाही." मी आणखी काही बोलू शकले असते. पण पोरं त्याची होती आणि विमान त्याच्यासाठी होतं. धीर द्यायला माझं काही जात नव्हतं, म्हणूनच तो दिला नाही.

दुपारी शेवटचं खोकं भरायला घेतलं. मिस्टर हॉलिस खुर्चीवर बसले. महादेव एकेक वस्तू समोर धरायला लागला. शर्ट, कोपराला कसर. फीत, रंग उडालेला. फोटो, काचेला कोपऱ्यात तडा. मी सांगत गेले, ते मान हलवत गेले. मग महादेवने चेंडू उचलला. तो नेहमी वस्तू डोक्याच्या उंचीवर धरायचा. हा त्याने छातीशी धरला.

"बॉल एक," तो म्हणाला. इस्माईलभाई दारात उभा होता, त्याने मान फिरवली. "वर अक्षरं होती. ती मी पुसली. आज सकाळी. आदी होती."

मी ते इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं.

पुढे काय झालं ते आधी सांगते. नुकसान झालं की मॅनेजरला कळवायचं असा नियम होता. मी कळवलं, आणि महादेव माझ्याशेजारी उभा होता. डिसोझा संध्याकाळी रिफ्याला गेले. मिस्टर हॉलिस त्यांना काय म्हणाले ते मला माहीत नाही. महादेवचा व्हिसा रद्द झाला नाही. पण त्याला घरांवरून काढून गोडाउनला लावलं. तिथे तो इस्माईलभाईबरोबर पेट्या ठोकायचा. लोकांच्या वस्तूंना त्याने पुन्हा हात लावला नाही. आमच्या कंपनीत त्याच्यासारखा पुकारा करणारा नंतर कोणी आला नाही, आणि त्याला परत आणा म्हणून मी दोनदा डिसोझांशी बोलले, त्याचा उपयोग झाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो गावी परत गेला. जाताना घरी आला होता. तुमच्या आजोबांनी विचारलं, क्रिकेट चालू आहे का. म्हणाला, चालू आहे, पण आता चमकवायला बॉल दुसऱ्याकडे देतो.

मी सगळं क्रमाने सांगणारी बाई. पण त्या दुपारचं थोडं मुद्दाम मागे ठेवलं होतं, शेवटच्या खोक्यासाठी.

महादेव बोलला आणि मी ते सांगितलं. मिस्टर हॉलिसांनी हात पुढे केला. महादेवने चेंडू त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चारही पाकळ्या चाचपल्या, घासलेल्या पाकळीवर अंगठा थांबला. ते मला म्हणाले, "त्याला विचारा, मला दिसत नाही हे त्याला माहीत होतं का?"

मी विचारलं. महादेव म्हणाला, "व्हय. ठावं हुतं."

मिस्टर हॉलिसांनी मान हलवली. चेंडू माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "मिसेस रेगे, वाचा."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी उठून उभी राहिले, ती कोरी पाकळी डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्या दिवशी वाचलं होतं ते वाचलं.

"सामना आम्ही जिंकलो. चेंडू थॉमस हॉलिसचा."

"बरोबर," ते म्हणाले. "आता पुकारा पूर्ण करा."

मी महादेवकडे बघितलं. त्याने चेंडू माझ्या हातातून घेतला आणि या वेळी नेहमीसारखा डोक्याच्या उंचीवर धरला. "बॉल एक," तो म्हणाला. "अक्षरं नाहीत."

मिस्टर हॉलिस हो म्हणाले. महादेवने खाली बसून कोरा कागद घेतला आणि चेंडू बांधायला लागला.